एक चकली आधी तळून बघावी

चकलीचं पीठ मळून झालं की आपण काय करतो? सोऱ्यात भरतो, एकच चकली पाडतो आणि तेलात सोडून बघतो. ती तेलात विरली, तर मोहन जास्त झालंय, म्हणून थोडी भाजणी आणखी घालतो. दाताखाली दगडासारखी लागली, तर मोहन कमी पडलंय. ती एक चकली मनासारखी झाली, की मगच पुढचे घाणे. हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. आईनं केलं, सासूबाईंनी केलं, म्हणून आपण करतो.

या एका चकलीवरून मला डॉ. होमी भाभा आठवतील, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलेच असते. मी कला शाखेची पदवीधर. विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. भाभा म्हणजे अणुभट्टी आणि विमानाचा अपघात, एवढीच माझी माहिती. पण गेल्या वर्षी घरातच एक प्रसंग घडला आणि मला या माणसाचं चरित्र मुळातून वाचावंसं वाटलं.

माझी धाकटी बहीण रोह्याला असते. तिची मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि आता पुण्यात चिप तयार करण्याच्या कामात आहे. चिप म्हणजे मोबाइलमध्ये, टीव्हीमध्ये, हल्ली तर मिक्सरमध्येही असते ती नखाएवढी वस्तू. जूनमध्ये ती पेणला आमच्याकडे आली होती. जेवताना एका पाहुण्यांनी विचारलं, की तू तिथे नेमकं करतेस काय? ती म्हणाली, की दुसऱ्यांनी केलेली डिझाइन्स मी तपासते. झालं! म्हणजे तू स्वतः काहीच बनवत नाहीस का, असं म्हणून ते मोकळे झाले. पोर गप्प बसली. रात्री अंथरुणं घालताना मला सांगू लागली, की ऑफिसातही पुष्कळांना असंच वाटतं. बनवणारे ते हुशार, तपासणारे ते दुय्यम. हे काम सोडून दुसरीकडे जावं असं तिच्या मनात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आमच्या गणपतीची ऑर्डर द्यायला कारखान्यात गेलो. पेणमध्ये हे कारखाने गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे आम्हाला त्याचं नवल नाही. एका कोपऱ्यात नव्या मूर्तीचं मातीचं मॉडेल ठेवलेलं होतं. मोठे कारागीर त्यावरून पुन्हापुन्हा हात फिरवत होते. सोंडेचा बाक, बोटांमधली फट, पाटाची पातळी, सगळं निरखत होते. एका जागी त्यांनी चिमूटभर माती काढली, दुसरीकडे लावली. मी सहज म्हटलं, काका, आता झालं की! त्यावर त्यांनी समजावलं, की याच्यावरून आता साचा होणार आणि त्या साच्यातून शेकडो मूर्ती निघणार. मातीतली चूक आत्ता नखानं निघते. साच्यात गेली, की प्रत्येक मूर्तीत उतरते.

माझी भाची माझा हात धरून म्हणाली, की मावशी, मी हेच करते गं.

घरी आल्यावर तिनं मला चिपचं काम समजावलं. चिपच्या आत कोट्यवधी बारीक बारीक बटणं असतात, जी विजेनं चालू-बंद होतात. ती हातानं कुणी बसवत नाही. फोटोच्या निगेटिव्हसारखे साचे करतात आणि त्यावरून प्रकाशानं नक्षी उमटवतात. हा साच्यांचा संच करायलाच कोट्यवधी रुपये लागतात. एकदा चिप घडली, की आत बोट घालून काही दुरुस्त करता येत नाही. म्हणून साचा करायच्या आधी संपूर्ण चिप, किंबहुना ती ज्या यंत्रात बसणार ते सगळं यंत्रच, कॉम्प्युटरच्या आत लिहून काढतात. त्याला मॉडेल म्हणतात. खरी वस्तू अजून जन्मलेली नसते, पण तिचं वागणं आधीच बघायचं. हे बटण दाबलं तर काय होईल? दोन माणसांनी एकदम दाबलं तर? मध्येच वीज गेली तर?

आणि हे तपासायचं कसं? तिनं दिलेलं उत्तर मला फार आवडलं, कारण ते आमच्या बचत गटातलंच होतं. आमच्या गटात हिशेब दोघी जणी वेगवेगळ्या वह्यांत लिहितात. महिन्याच्या शेवटी बेरजा जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या, तर कुणाची तरी चूक आहे, बसा शोधत. चिपमध्येही तसंच. एक गट डिझाइन करतो. दुसरा गट, डिझाइनकडे न बघता, ही चिप काय काम करणार त्याच्या कागदावरून, स्वतःचं मॉडेल लिहितो. दोघांना तेच प्रश्न घालायचे. हजारो, लाखो प्रश्न. उत्तरं वेगळी आली की थांबायचं. आणि बरं का, कितीदा तरी डिझाइन करण्यापेक्षा तपासायलाच जास्त वेळ आणि जास्त माणसं लागतात.

तपासणीत एक बारीकशी गोष्ट निसटली तर काय होतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण तिनं सांगितलं. 1994 मध्ये इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली. भागाकारासाठी चिपच्या आत एक कोष्टक ठेवलेलं होतं, आपल्या पाढ्यांच्या पुस्तकासारखं. त्यातल्या पाच जागा रिकाम्या राहिल्या होत्या. फक्त पाच! त्यामुळे काही ठरावीक आकड्यांचे भागाकार किंचित चुकायचे. शेवटी कंपनीला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा फटका बसला. त्यानंतर तपासणीच्या शास्त्राकडे जगभर जास्त गांभीर्यानं बघू लागले.

हे सगळं डोक्यात असतानाच रोह्यातल्या मुलींपुढे विज्ञान दिनाला चार शब्द बोलायचं निमंत्रण आलं. मी वाचनालयात जाऊन आपल्या देशात कॉम्प्युटर कुणी, कसा बनवला ते शोधू लागले. आणि तिथे मला भाभा भेटले. अणुभट्टीवाले नव्हेत, आधी छोटं करून बघा असं वातावरण तयार करणारे भाभा.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतला. घर सुखवस्तू पारशी. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी, वडील बॅरिस्टर. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. या मेहरबाई बायकांच्या मताधिकारासाठी आणि बालविवाहाच्या विरोधात झटलेल्या. अशा घरात पुस्तकं, चित्रं आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्स यांची कमतरता नव्हती. मुलगा चित्रं काढायचा, संगीत ऐकत बसायचा आणि गणितातही तल्लख होता.

घरच्यांनी ठरवलं, की याला केंब्रिजला पाठवायचं, इंजिनीअर करायचं आणि मग टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लावायचं. 1927 मध्ये तो गेला खरा, पण वर्षभरात त्याचं मन भौतिकशास्त्रात गुंतलं. त्यानं वडिलांना पत्र लिहून तसं कळवलं. वडिलांनी काय केलं असेल? आपल्याकडे अशा वेळी एक तर आकांडतांडव होतं, नाहीतर अबोला. या वडिलांनी मधला मार्ग काढला. आधी इंजिनीअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण कर, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च मी करतो. 1930 मध्ये होमीनं ते केलं आणि वडिलांनीही शब्द पाळला. मला वाटतं, पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे. आकाशातल्या कणांचं गणित मांडणाऱ्या या माणसाला यंत्र कसं उभं राहतं हेही ठाऊक होतं.

1935 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विश्वकिरणांवरच्या त्यांच्या संशोधनानं युरोपात नाव झालं. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे सूक्ष्म कणांचे झोत. 1939 मध्ये ते सुट्टीसाठी घरी आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परत जाणं राहून गेलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन होते, तिथे भाभा रुजू झाले. 1941 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर परदेशात कुठेही मानाची जागा मिळाली असती. पण तोवर त्यांनी इथेच राहायचं ठरवलं होतं.

12 मार्च 1944 रोजी त्यांनी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मूलभूत संशोधनाची एक संस्था काढा, असा त्याचा आशय. अणुशक्ती वापरात येईल तेव्हा तिच्यासाठी लागणारी जाणती माणसं भारतात आधीच तयार असावीत, बाहेर शोधत फिरायची वेळ येऊ नये, हे त्यांनी त्यात मांडलं होतं. तारीख बघा. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून वर्षाहून जास्त अवकाश होता, स्वातंत्र्याला तीन वर्षं.

1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बंगळूरला आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात. हा बंगला त्यांच्या नात्यातलाच होता आणि भाभांचा जन्मही तिथलाच. जिथे पाळणा हलला तिथेच संस्था जन्माला आली म्हणायची. 1949 मध्ये ती जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. आपण मांडव्याहून लाँचनं गेटवेला उतरतो ना, तिथे जवळच ती दगडी इमारत आहे. कितीदा मी तिच्या समोरून खरेदीच्या पिशव्या घेऊन गेले असेन! 1962 मध्ये संस्था कुलाब्याला समुद्रकाठी स्वतःच्या इमारतीत गेली.

आपल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. 1949 मध्ये भाभांनी विभा चौधरी या बंगाली शास्त्रज्ञ बाईंना संस्थेत घेतलं. या संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक. त्या काळात प्रयोगशाळेत बाईमाणूस दिसणं म्हणजे केवढी गोष्ट!

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

विश्वकिरणांचे प्रयोग करायला कण मोजणारी उपकरणं लागत. ती बाजारात मिळत नसत, मिळाली तर परवडत नसत. म्हणून संस्थेतच इलेक्ट्रॉनिक्सची कामं होऊ लागली. हळूहळू प्रश्न आला आकडेमोडीचा. गणितं एवढी मोठी, की माणसांनी करायची म्हटली तर महिने जावेत. परदेशात नुकतेच कॉम्प्युटर तयार होऊ लागले होते. आपण काय करायचं?

देशात तेव्हा दोन वाटा दिसत होत्या. एक वाट कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची. प्रा. महालनोबिसांच्या या संस्थेचे अध्यक्ष होते आपल्या रोह्याचे डॉ. चिंतामणराव देशमुख! जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण बालपण बरंचसं रोह्यात गेलेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे. ते सांख्यिकी संस्थेचेही अध्यक्ष होते, हे मला हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं. या संस्थेनं इंग्लंडहून कॉम्प्युटर आणवला आणि 1956 पर्यंत तो कामाला लागला. भारतातला तो पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर मानला जातो. पंचवार्षिक योजनांचे आकडे समोर पडलेले, त्यांना यंत्र ताबडतोब हवं होतं. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

दुसरी वाट मुंबईच्या भाभांच्या संस्थेनं धरली. विकत न घेता स्वतः बनवायचा. 1954 मध्ये आर. नरसिंहन नावाचे तरुण शास्त्रज्ञ अमेरिकेत शिकून इथे आले आणि एक लहानसा गट जमला. गंमत म्हणजे या गटातल्या बहुतेकांनी तोपर्यंत कॉम्प्युटर वापरलेलासुद्धा नव्हता. ज्यानं पुरणपोळी कधी खाल्ली नाही, त्याला गावजेवणाच्या पोळ्या करायला सांगण्यातला प्रकार! पण इथेच ती एक चकली येते. या गटानं थेट मोठं यंत्र करायला घेतलं नाही. आधी एक लहान यंत्र केलं. त्याला ते पायलट मशीन म्हणत. रोह्याच्या मैत्रिणींना हा शब्द नवा नाही. धाटावच्या एमआयडीसीत ज्यांची माणसं कामाला आहेत त्यांनी पायलट प्लांट ऐकलेला असतो. मोठ्या टाकीत माल टाकण्याआधी छोट्या टाकीत करून बघायचा, तोच हा प्रकार.

पायलट मशीन 1956 मध्ये चालू झालं. त्यानं काही मोठी गणितं सोडवावीत अशी अपेक्षा नव्हती. आपण कागदावर काढलेली विजेची जोडणी खरंच चालते का, यंत्राला आकडे लक्षात राहतात का, एक भाग दुसऱ्या भागाला दिलेला निरोप नीट पोचवतो का, हे बघण्यासाठी ते होतं. मुख्य म्हणजे माणसं तयार होण्यासाठी. चुका करायच्या त्या इथेच करून घ्या.

मग मोठं यंत्र. त्यात 2,700 व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे, तेच. आजी रेडिओ लावायची आणि ते तापेपर्यंत आवाज यायचा नाही, आठवतं? तसे 2,700 दिवे एकदम तापलेले. शिवाय 1,700 डायोड आणि 12,500 रेझिस्टर. लोखंडी मांडणी 18 फूट लांब, 8 फूट उंच. म्हणजे आपल्या हॉलची एक भिंतच. यंत्राची स्मरणशक्ती होती बारीक चुंबकी कड्यांची. तारांच्या जाळीत एकेक कडी ओवायची. एका कडीत एकच खूण मावते, हो किंवा नाही. 40 खुणांचा एक शब्द आणि असे 2,048 शब्द. गुणाकार करून बघा, ऐंशी हजारांवर कड्या होतात. काळी पोत ओवताना एक मणी इकडचा तिकडे झाला तर आपण दोरा सोडून पुन्हा ओवतो. इथे ऐंशी हजार मणी आणि एकही चुकून चालणार नाही.

1960 मध्ये हे यंत्र रीतसर कामाला लागलं. पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते आलं आहे. भारतात बनलेला हा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर. 1965 पर्यंत तो वापरात होता.

आता खरं ते सांगायला हवं. टिफ्रॅक तयार होईपर्यंत जग पुढे गेलं होतं. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले होते. 1964 मध्ये संस्थेलाही अमेरिकेहून मोठा कॉम्प्युटर आणावा लागला. मग एवढा खटाटोप करून मिळवलं काय? भाचीला मी हेच विचारलं. तिचं म्हणणं असं, की ज्या माणसांनी एक यंत्र मुळापासून उभं केलं आणि तपासलं, त्यांना दुसरं यंत्र विकत घेतलं तरी त्याच्या पोटात काय चाललंय ते कळतं. मला पटलं. आईच्या हाताखाली चार वेळा चकल्या बिघडवलेली मुलगी बाजारातली भाजणी घेतानाही नुसत्या वासावरून ओळखते ना!

अणुशक्तीच्या कामातही ही रीत दिसते. 1954 मध्ये सरकारनं अणुऊर्जा खातं काढलं आणि भाभा त्याचे सचिव झाले. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, पहिली अणुभट्टी उभी राहिली ती अप्सरा. 4 ऑगस्ट 1956 रोजी ती चालू झाली. ही लहानशी, पाण्याच्या हौदात बसवलेली भट्टी. इंधन इंग्लंडचं, पण बांधणी आपल्या माणसांची. तिच्यावर लक्ष ठेवणारी आणि तिला आवरणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं भाभांच्या संस्थेतल्याच गटानं, ए. एस. राव यांच्या हाताखाली बनवली होती. पुढे 1961 मध्ये झर्लिना नावाची आणखी एक भट्टी झाली. तिचं काम वीज करणं नव्हे, जवळजवळ शून्य शक्तीवर चालणं. इंधनाचे गज असे ठेवले तर काय होतं, तसे ठेवले तर काय होतं, हे मोठी भट्टी बांधण्याआधी तिच्यात पाहता येई. खऱ्या भट्टीचं एक प्रकारचं मॉडेलच म्हणा ना. 1957 मध्ये ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळाही निघाली.

कामात ते शिस्तीचे होते, पण रुक्ष मुळीच नव्हते. लग्न केलं नाही. मलबार हिलवरच्या मेहरांगीर या घरात राहिले. आई मेहेर आणि वडील जहांगीर यांच्या नावांची ही सांगड. 2014 मध्ये या घराचा लिलाव झाला आणि पुढे ते पाडलंही गेलं, ते वाचून वाईट वाटलं. संस्थेसाठी त्यांनी भारतीय चित्रकारांची चित्रं जमवली. बागेचं वेड एवढं, की रस्त्याच्या कामात तोडली जाणारी मोठी झाडं मुळांसकट उचलून संस्थेच्या आवारात लावून घ्यायची. झाड नवं लावलं तर वाढायला वर्षं जातात, हे त्यांना कळत होतं. माणसांचंही तसंच. म्हणून तर माणसं घडवायला ते इतक्या लवकर लागले.

1962 च्या चीन युद्धात इलेक्ट्रॉनिक सामग्रीसाठी आपण परक्यांवर किती अवलंबून आहोत हे सगळ्यांना कळून चुकलं. ऑगस्ट 1963 मध्ये सरकारनं भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव तिच्यात होते. रेडिओच्या सुट्या भागांपासून कॉम्प्युटरपर्यंत देशाला पुढच्या दहा वर्षांत काय आणि किती लागेल, त्याची यादी या समितीनं केली. वाणसामानाची यादी करतानाही आपली दमछाक होते, ही तर अख्ख्या देशाची यादी.

24 जानेवारी 1966 रोजी भाभा एअर इंडियाच्या विमानानं युरोपला निघाले होते. आल्प्स पर्वतात, माँट ब्लाँक शिखराजवळ ते विमान कोसळलं. विमानातले 117 जण गेले. भाभा फक्त छप्पन्न वर्षांचे होते. त्यांच्या समितीचा अहवाल त्याच वर्षी बाहेर आला, तो बघायला ते नव्हते.

पण त्यांच्यावाचून काम अडलं नाही. ए. एस. रावांच्या इलेक्ट्रॉनिक्स गटाच्या कामातूनच 1967 मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी निघाली. 1969 मध्ये तिचा टीडीसी 12 हा कॉम्प्युटर आला. ट्रॉम्बेच्या केंद्राला 1967 मध्ये भाभांचं नाव दिलं. टिफ्रॅकवाले नरसिंहन पुढे कितीतरी वर्षं मुंबईत कॉम्प्युटरचे तज्ज्ञ घडवत राहिले. एक माणूस गेला, पण ज्यांनी लहान यंत्रावर चुका करून घेतल्या होत्या ते सगळे मागे होते.

मला या चरित्रात भाभांची हुशारी जेवढी भावली, त्याहून त्यांनी दिलेली मुभा जास्त भावली. ज्यांनी कधी कॉम्प्युटर केला नाही त्यांना आधी लहान करून बघायला वेळ दिला, पैसा दिला. ते लहान यंत्र काही कामाचं नव्हतं, मग त्यावर एवढा खर्च कशाला, असं म्हणणारा अध्यक्ष असता तर? आपल्या घराघरात असे अध्यक्ष असतात. एक चकली वाया गेली म्हणून कुरकुरणारे.

आमच्या बचत गटाचंच सांगते. एका वर्षी पापडांची मोठी ऑर्डर आली. घाई होती. नवीन ठिकाणाहून आणलेलं पीठ, पण लाटून, वाळवून एक पापड तळून बघायला कुणी थांबलं नाही. थांबूया म्हणणारी एक जण होती, तिला आम्ही सगळ्यांनी गप्प केलं. त्यात मीही होते. पापड लाल पडले, चवीला खारट. सगळा माल परत आला. त्या मैत्रिणीनं नंतर आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे. पीठ मळणारी वेगळी आणि पापड तळून बघणारी वेगळी. आणि तिनं नाही म्हटलं तर पाट उचलायचे.

घरात हे तपासायचं काम बहुतेक वेळा बाईच करते. गॅस बंद आहे का, मुलाच्या दप्तरात डबा आहे का, औषधाच्या बाटलीवरची तारीख काय. काही बिघडलं नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. न घडलेल्या अपघाताचा सत्कार कोण करणार? भाचीच्या मनातलं दुःख तेच होतं. ती शोधते त्या चुका जगाला कधी दिसतच नाहीत, कारण तिनं त्या आधीच शोधलेल्या असतात.

रोह्याच्या कार्यक्रमात मी मुलींना टिफ्रॅकची गोष्ट सांगितली, तेव्हा भाचीही मागच्या बाकावर येऊन बसली होती. भाषण संपल्यावर मुली मला सोडून तिच्याभोवतीच जमल्या. चिप म्हणजे काय, चूक कशी सापडते, आम्हाला येईल का शिकायला, प्रश्नांवर प्रश्न. ती फळ्यावर चौकोन काढून समजावत होती. मी बाजूला उभी राहून बघत होते.

तिनं नोकरी बदलली नाही. यंदा दिवाळीला आली तेव्हा मी चकल्या करायला बसले होते. पहिली चकली तेलात सोडली आणि झारा तिच्या हातात दिला. तिनं ती काढली, थोडी निवू दिली, तोडली, खाल्ली आणि मान हलवली. मोहन थोडं कमी होतं. मी मुकाट्यानं परत पीठ मळायला घेतलं.